तिमिंगलांतील ‘मीरा’

विवाहविधींत वधूला ध्रुवाचें दर्शन घडविण्याचा प्रघात आपणांकडे फार जुना आहे. त्यामागील भावना उघड आहे : पृथ्वीवरचें सर्व कांहीं बदलतें, तारा मात्र बदलत नाहीं. युरोपांतहि ॲरिस्टॉटलपासून असाच समज रूढ होता. चंद्राच्या पलीकडे वाढ नाहीं व क्षयहि नाहीं, असें तेथील पंडित मानीत. या समजाला ज्या ताऱ्यांनीं धक्का दिला त्यांपैकीं एकाची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

इ. स. 1596 च्या ऑगस्टमध्यें, आज जर्मनींत असलेल्या ईस्ट फ्रीझलंड प्रांतीं, डेव्हिड फॅब्रिशियस नांवाचा धर्मोपदेशक एका ग्रहाचें स्थान ठरवीत होता. तुलनेसाठीं त्यानें तिमिंगल या तारकापुंजांतील एक तांबूस तारा धरला. थोड्याच दिवसांत त्या ताऱ्याचें तेज वाढलें, मग उतरूं लागलें, आणि ऑक्टोबरांत तो दिसेनासा झाला. एकदां पेटून विझणारा हा नवतारा असावा, असें फॅब्रिशियसनें मानलें. 1603 सालीं बायरनें आपल्या नकाशांत तेथेंच एक तारा दाखविला व त्यास ओमिक्रॉन हें ग्रीक अक्षर दिलें. 1609 च्या फेब्रुवारींत फॅब्रिशियसला तो पुन्हां दिसला. तरी उलगडा झाला नाहीं. पुढें 1638 सालीं होलवार्दा या डच विद्वानानें त्याचा पाठपुरावा केला, तेव्हां हा तारा मरत नसून परत परत येतो, हें ध्यानांत आलें. 1662 सालीं हेवेलियसनें त्याला ‘मीरा’, म्हणजे ‘आश्चर्यकारक’, हें लॅटिन नांव दिलें. आमच्या संत मीराबाईशीं त्याचा संबंध नाहीं. 1667 सालीं बुलियो या फ्रेंच ज्योतिषानें त्याच्या फेऱ्याचा काल 333 दिवस ठरविला. आजचा आंकडा सुमारें 332 आहे!

जी गोष्ट नुसत्या डोळ्यांना दिसत होती, ती उमगावयास पहिल्या दर्शनानंतरहि बेचाळीस वर्षें लागलीं. तारे बदलत नाहींत ही खात्री इतकी दृढ होती कीं, बदल पाहूनहि त्याचा अर्थ कोणी विचारला नाहीं. दृढ समजूत डोळ्यांवर कशी झांपड आणते, याचें याहून चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल.

अशा ताऱ्यांना आपण रूपविकारी तारे म्हणतों. मीरा बहुधा तिसऱ्या प्रतीपर्यंत चढतो आणि नवव्या प्रतीपर्यंत उतरतो. म्हणजे तेजांत सुमारें 250 पटींचा फरक पडतो. चढ जलद व उतार मंद असतो. त्याचें वजन आपल्या सूर्याहून फारसें अधिक नाहीं. परंतु तो इतका फुगलेला आहे कीं, सूर्याच्या जागीं ठेवल्यास पृथ्वीची कक्षा त्याच्या पोटांत गडप होईल. पृष्ठभागाची उष्णता मात्र सूर्याच्या निम्म्याच्या आसपास. हा महाकाय तांबडा गोळा भात्याप्रमाणें फुगतो व आकसतो. तो निवतो तेव्हां त्याच्या वातावरणांत टिटॅनियम व प्राणवायु यांच्या संयुगाचे रेणु वाढतात आणि दृश्य प्रकाश अडवितात. त्या वेळीं बहुतेक शक्ति डोळ्यांस न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांनीं बाहेर पडते. म्हणून तारा विझल्यासारखा वाटतो. वस्तुतः तो विझलेला नसतो.

या स्पंदनांबरोबर त्याच्या अंगचें द्रव्य सतत उधळत असतें. 2007 सालीं ‘गॅलेक्स’ या आकाशस्थ दुर्बिणीनें घेतलेल्या चित्रांत मीरामागें तेरा प्रकाशवर्षें लांबीचें शेपूट आढळलें. गेल्या सुमारें तीस हजार वर्षांत टाकलेलें हें द्रव्य पुढें नव्या ताऱ्यांच्या व ग्रहांच्या घडणीस उपयोगी पडेल. त्याच्या शेजारीं एक श्वेत बटुहि आहे. तो एका जुन्या ताऱ्याचा उरलेला गाभा होय. आणखी सुमारें 500 कोटी वर्षांनीं आपला सूर्यहि प्रथम मीरासारखा फुगेल व शेवटीं त्या बटूसारखा उरेल. आपल्या दिनकराचें भविष्य एकाच जोडीत असें समोर मांडलेलें आहे.

मग अढळ म्हणून कांहींच उरलें नाहीं काय? ध्रुवाचें तेजहि सुमारें चार दिवसांच्या फेऱ्यानें किंचित् कमीअधिक होतें. परंतु हे फेरफार स्वैर नाहींत. तारा बदलतो, पण त्याचा नियम आपल्याला ओळखतां येतो, हीच मीराची शिकवण आहे.

हा नियम उकलण्यास वेधशाळाच हवी असें नाहीं. जेसोरच्या सरकारी खजिन्यांत नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांनीं आपली नोकरी व प्रपंच सांभाळून रूपविकारी ताऱ्यांचे 37 हजारांवर वेध घेतले आणि ते अमेरिकेंतील निरीक्षकमंडळाकडे पाठविले. वाचकांनींहि मार्गशीर्ष-पौषांत रात्रीं नऊच्या सुमारास डोक्यावर अश्विनी शोधावी. तेथून सरळ दक्षिणेस, हात लांब करून सव्वा वीत अंतरावर, मीराची जागा आहे. त्याचा उत्कर्ष दर वर्षीं महिनाभर अलीकडे येतो. म्हणून कांहीं वर्षीं तो सूर्याच्या तेजांत लपतो. जागा रिकामी दिसली तरी खट्टू होऊं नये. तारीख टिपून ठेवावी, मुलांनाहि ती जागा दाखवावी, आणि पुढच्या महिन्यांत पुन्हां पाहावें.