बंदूक ठेवल्यानंतरची वाट

माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती ऑक्टोबर २०२५मध्ये साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. अशा प्रत्येक वेळी एक शेरा हमखास ऐकू येतो : पैशासाठी आले.

पैसा मिळतो, हे खरं. केंद्राच्या योजनेनुसार वरच्या फळीतल्याला पाच लाख, बाकीच्यांना अडीच लाख. पण ही रक्कम मुदत ठेवीत राहते; तीन वर्षांची वागणूक पाहून मगच ती हाती येते. शिवाय भूपतीनं आधीच पत्रक काढून सशस्त्र लढा थांबवण्याची भूमिका जाहीर केली होती. त्याची पत्नी तारक्का १ जानेवारी २०२५ रोजीच शरण आली होती. चार दशकं जंगलात काढलेल्या माणसाच्या निर्णयाला निव्वळ लाखांत मोजणं फार उथळ आहे.

शरण आलं की गुन्हे धुतले जातात, हाही असाच समज. किरकोळ गुन्ह्यांत सवलतीला वाव असतो. खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांचे खटले मात्र न्यायालयात चालू राहू शकतात, आणि ज्यांची माणसं मारली गेली त्यांच्यासाठी ते चालायलाच हवेत.

‘आता गावी जाऊन सुखानं राहतील’ असं म्हणणाऱ्यांना दलमची, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीची, रीत ठाऊक नसते. सोडून गेलेल्यावर ‘पोलिसांचा खबरी’ असा शिक्का बसतो, आणि अशा शिक्क्यानंतर गडचिरोलीत खून झालेले आहेत. म्हणून कित्येक जण आपलं शेत, आपली माणसं मागे ठेवून जिल्ह्याच्या ठिकाणीच राहतात. वर्षानुवर्षं भूमिगत राहिलेल्याकडे ना आधार कार्ड, ना बँकेचं खातं. कागदपत्रांपासूनच सुरुवात करावी लागते.

सर्वांत कमी बोललं जातं ते संसाराबद्दल. दलममध्ये लग्नाला परवानगी मिळे, पण पुरुषाला आधी नसबंदी करून घ्यावी लागे. मूल झालं की जोडपं लढ्यापासून दुरावेल, ही संघटनेची धास्ती. त्यामुळे बाहेर आलेल्या अनेकांनी पहिली धाव घेतली ती दवाखान्याकडे, कापलेली नलिका पुन्हा जोडून घ्यायला. नसबंदीला जितकी वर्षं उलटलेली, तितकी यशाची शक्यता कमी. तरीही गडचिरोलीत काहींच्या घरी पाळणा हलला. ऐन तारुण्यात ज्यांच्या देहावरही संघटनेचा हुकूम चालला, त्यांच्यासाठी ही शस्त्रक्रिया किती मोलाची असेल, याचा विचार शेरे मारताना कुणी करत नाही.

रोजगाराचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या कोनसरीच्या पोलाद प्रकल्पात काहींना प्रशिक्षण आणि नोकरी मिळाली आहे. ज्यांचं शिक्षण शाळेतच सुटलं, त्यांना असं काम मिळवून देणं अधिक अवघड आहे.