तंजावरचे मराठी मोजायचे कसे?

इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भूमीवर, जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावर, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लाखभर इस्रायली वसाहतवाले होते. आज पूर्व जेरुसलेम वगळूनही ते पाच लाखांच्या वर गेले आहेत. सरकारी सवलतींमुळे घर स्वस्त पडतं हे एक कारण. पण आता खरा भर जन्मांचा आहे. मोदिइन इलित आणि बेतार इलित या कर्मठ धार्मिकांच्या दोन वसाहतींतच जवळपास तिसरा हिस्सा माणसं राहतात, आणि तिथे घरटी सहा-सात मुलं हे नवल नाही.

राजसत्तेच्या पाठोपाठ परमुलखात गेलेली मराठी माणसंही आहेत. त्यांचं गणित मात्र उलटं गेलं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतलं आणि सरदार, कारकून, शास्त्री, कीर्तनकार कावेरीकाठी आले. पण त्यांच्यासाठी कुंपण घातलेल्या वसाहती उभ्या राहिल्या नाहीत. व्यंकोजींचे पुत्र शाहूजीराजे यांनी तिरुविसनल्लूर हे गाव ४६ विद्वानांना इनाम दिलं, त्यांत तमिळ-तेलुगू पंडित होतेच. मला हा फरक आकड्यांहून मोठा वाटतो.

इंग्रजांशी झालेल्या १७९९च्या तहाने तंजावरचे राजे सरफोजी यांच्याकडे किल्ल्यापुरती सत्ता उरली. १८५५मध्ये त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले आणि तीही संपली. राजवाड्यावर पोट असलेल्या घरांचा आधार तुटला. मात्र मद्रास इलाख्याच्या महसुली दप्तरात मराठी हिशेब चालत होते, त्यामुळे लेखणीवाले देशस्थ तगले. फक्त बदलीच्या गावी पांगले. कुंभकोणमला १८२८मध्ये जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. अशा माणसाचा वंश वाढला, तरी तंजावरच्या खात्यात तो जमा होत नाही.

जे राहिले त्यांना ओळखणंही सोपं नाही. आडनाव गळलं, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर पुढे लागलं, शेवटी ‘राव’ तेवढा उरला. देशस्थांना शेजारी ‘रायर’ म्हणतात. मुलं शाळेत तमिळ शिकतात, त्यामुळे घरात मराठी बोलणाऱ्या कित्येकांना देवनागरी वाचता येत नाही. जनगणना जात-कुळी पाहून मराठी मोजत नाही, मातृभाषा विचारते, आणि त्या रकान्यात एकच नाव बसतं. आजीशी मराठीत बोलणाऱ्या नातवापुढे घरच्यांनी ‘तमिळ’ सांगितलं, की घरात माणूस वाढूनही मराठीचा आकडा आहे तिथेच राहतो. आजी गेली की एकाने उतरतो.