परिषदेच्या अभ्यागतांसाठीं वेल्हें-भोरचें दर्शन

इतिहासविषयक परिषदेच्या निमित्तानें दूरदूरचे विद्वान् पुण्यास येतात. निबंधवाचन, चर्चा व भेटीगाठी यांत दोनतीन दिवस निघून जातात, आणि उरलेल्या एखाद्या सकाळीं यजमान पाहुण्यांस शनिवारवाडा, लाल महाल व राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवून त्यांची बोळवण करितात. हीं स्थळें पाहण्याजोगीं आहेत, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु शनिवारवाड्याचा पाया १७३० सालीं घातला गेला व १८२८ च्या आगींत त्याचा अंतर्भाग जळाला. हल्लींचा लाल महाल तर विसाव्या शतकांत नव्यानें उभारलेला आहे. म्हणजे शिवकालावर दोन दिवस वाद करणाऱ्या पाहुण्यास शिवकालाची भूमि पाहावयास मिळतच नाहीं. ती भूमि पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारें साठ किलोमीटरांवर, वेल्हें व भोर या दोन तालुक्यांत पसरलेली आहे. परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेंत तिच्यासाठीं तीन दिवस राखावे, असें आम्हांस वाटतें. आणि ते कसे घालवावे, एवढेंच सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

आरंभीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. पौराणिकांनीं ऐतिह्य, म्हणजे परंपरेनें चालत आलेली वार्ता, हें स्वतंत्र प्रमाण मानिलें. नैयायिकांनीं त्याचा अंतर्भाव शब्दप्रमाणांत केला. मावळांत फिरणाऱ्या अभ्यासकास हा जुना वाद पावलोपावलीं आठवेल. येथें दगड बोलतो, कागद बोलतो आणि लोकांची स्मृतिही बोलते. परंतु तिघांचें म्हणणें दर वेळीं जुळतेंच असें नाहीं. कोणत्या स्थळीं आपण कोणत्या साक्षीदारासमोर उभे आहों, हें ओळखणें हेंच या प्रवासाचें खरें फळ होय. हें ज्यास साधलें नाहीं, त्याचा प्रवास केवळ डोंगर चढण्याच्या श्रमांतच संपतो.

प्रथम भूमीची रचना ध्यानांत घ्यावी. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे फुटलेल्या शाखांमधून कानंदी, गुंजवणी, वेळवंडी व नीरा या नद्या वाहतात. प्रत्येक नदीचें खोरें दोहों बाजूंच्या डोंगरांनीं बंद झालेलें असल्यामुळें प्रत्येकाचा कारभार वेगळा, देशमुखीचें वतन वेगळें आणि अभिमानही वेगळा. कानदखोऱ्यांत मरळ, गुंजणमावळांत शिळिमकर, हिरडसमावळांत बांदल, रोहिडखोऱ्यांत कारीचे जेधे व उत्रवळीचे खोपडे, अशीं हीं घराणीं होतीं. हीं खोरीं एका झेंड्याखालीं आणणें हें स्वराज्याचें पहिलें कार्य होतें. तें किती अवघड असेल, हें नकाशावरून कळत नाहीं. एका खोऱ्यांतून दुसऱ्यांत जाणारी खिंड ओलांडली म्हणजे तें आपोआप कळतें. तालुक्यास अलीकडे राजगड हें नांव देण्यांत आलें आहे. गांव मात्र वेल्हेंच.

पहिल्या दिवशीं पुणें-सातारा रस्त्यानें निघून नसरापुरास वळावें. तेथील बनेश्वराचें देऊळ नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं बांधविलें. देवळांतील मोठ्या घंटेवर १६८३ हें वर्ष कोरलेलें आहे. देऊळ घंटेहून धाकटें कसें, असा प्रश्न पाहुण्यानें स्वतःस विचारावा. ती घंटा पोर्तुगीजांची असून चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेंत, म्हणजे १७३९ च्या सुमारास, मराठ्यांच्या हातीं आली, असें सांगतात. घंटेवरील अंक ही दगड-धातूची साक्ष, तिच्या आगमनाची कथा ही परंपरेची साक्ष. दोन्ही येथें एकमेकींस पूरक आहेत.

नसरापुराहून पश्चिमेस जाणारा रस्ता वेल्ह्यास पोंचतो. गांवाच्या माथ्यावरच तोरणा उभा आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १,४०३ मीटर असून पुणें जिल्ह्यांतील गिरिदुर्गांत तो सर्वांत उंच गणला जातो. चढ अडीच-तीन तासांचा व दमविणारा आहे. पावसाळ्यांत खडकावर पाय ठरत नाहीं, म्हणून परिषद कार्तिकापासून माघापर्यंत असल्यासच पाहुण्यांस वर न्यावें. बिनी व कोठी हे दरवाजे ओलांडल्यावर मेंगाईचें देऊळ लागतें. पुढें एका अंगास झुंजार माची व दुसऱ्या अंगास बुधला माची. गडाचा विस्तार पाहिला म्हणजे महाराजांनीं त्यास प्रचंडगड हें नांव कां दिलें, हें निराळें सांगावें लागत नाहीं.

तोरण्याविषयीं सर्वांस ठाऊक असलेली वार्ता अशी कीं, महाराजांनीं प्रथम हाच गड घेतला, तेथें खणतांना द्रव्य सांपडलें आणि त्या द्रव्यांतून समोरचा राजगड उभा राहिला. ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या इतिहासांत १६४६ हें वर्ष देऊन ही हकीगत सांगितली आहे. डफ घटनेनंतर पावणेदोनशें वर्षांनीं लिहीत होता, हें विसरूं नये. परंतु ही कथा टाकूनही देऊं नये. कारण तिच्या पोटांत एक सत्य आहे, आणि तें बुधला माचीवर उभें राहिल्यास दिसतें. तेथून डोंगराची एक सोंड सरळ राजगडाकडे गेलेली आहे. हे दोन गड एकमेकांचे सोबती आहेत. एक शत्रूकडे असतां दुसरा सुखानें नांदूं शकत नाहीं. यास कागदाचाही आधार मिळतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत महाराजांनीं २३ किल्ले मोंगलांस दिले व १२ आपल्याकडे ठेविले. दिलेल्यांत रोहिडा होता. ठेविलेल्यांत राजगड व तोरणा हे दोन्ही होते. द्रव्याची कथा खरी असो वा नसो, या जोडीचें मोल महाराजांस काय वाटत होतें, तें या एका निवडीवरून कळतें. पुढें १७०४ सालीं औरंगजेबानें आधीं राजगड व लागलीच तोरणा घेतला, तोही या जोडीचा मर्म जाणूनच. तोरणा त्याच्या फौजेनें तट चढून, लढून घेतला आणि त्यास फुतूहुल्गैब असें नांव ठेविलें. तें नांव आतां कोणाच्या तोंडीं नाहीं.

दुसरा दिवस राजगडाचा. गुंजवणें गांवाकडून किंवा पाली दरवाज्यानें वर जावें. वृद्ध पाहुण्यांस पालीची वाट बरी. पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या आणि मध्यभागीं बालेकिल्ला, अशी रचना आहे. रायगडाकडे राजधानी जाण्यापूर्वी सुमारें पंचवीस वर्षें स्वराज्याचा कारभार येथून चालला. सईबाई १६५९ सालीं येथें निवर्तल्या. आग्ऱ्याहून निसटून महाराज १६६६ सालीं येथेंच परत आले. राजाराम महाराजांचा जन्म १६७० सालीं येथेंच झाला. एवढ्या घटना ज्या जागीं घडल्या, तेथें वाड्यांचीं जोतीं तेवढीं उरलीं आहेत, हें पाहून पाहुण्याचा विरस होईल. त्यानें संजीवनी माचीकडे जावें. तेथील दुहेरी तटबंदी, तटांमधील अरुंद मार्ग व त्यांत उतरण्याच्या गुप्त वाटा हाच राजगडाचा खरा ग्रंथ आहे, आणि तो वाचण्यास कोणत्याही लिपीचें ज्ञान लागत नाहीं.

जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले. त्यांत राजगड आहे, तोरणा नाहीं. या सन्मानानें राजगडावर गर्दी वाढेल व जोडींतील दुसरा गड मागें पडेल, अशी आम्हांस धास्ती वाटते. म्हणून परिषदेनें तरी दोहोंची ताटातूट करूं नये. तसेंच तटावर स्वतःचें नांव लिहिण्याची खोड सुशिक्षितांतही आढळते. अस्सल कागदावर शाई सांडणारा व तटावर नांव खरडणारा या दोघांत आम्ही भेद मानीत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं भोराकडे वळावें. ज्यांस गड चढवत नाहींत, त्यांनीं पहिले दोन दिवसही इकडेच घालविल्यास त्यांचें कांहीं चुकणार नाहीं. भोर ही पंतसचिवांची राजधानी. शंकराजी नारायण यांस राजाराम महाराजांनीं १६९७ सालीं सचिवपद दिलें. १७०७ सालीं शाहू महाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून आले, तेव्हां ताराबाईंशीं वाहिलेली शपथ एकीकडे व वडील शाखेचा हक्क दुसरीकडे, अशा पेचांत सांपडून शंकराजींनीं आंबवड्यास जलसमाधि घेतली, असें प्रसिद्ध आहे. आंबवड्याच्या नागनाथाच्या देवळाजवळ त्यांची समाधि आहे. ज्या पाहुण्यांस शाहू-ताराबाई प्रकरण केवळ वारशाचा कज्जा वाटतो, त्यांनीं ती समाधि अवश्य पाहावी. भोर संस्थान मार्च १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें. तेथील राजवाड्याचे चौक व लांकडी खांब चित्रपटांतून पुष्कळांनीं पाहिले असतील. परंतु रामनवमीच्या उत्सवांत तो वाडा पाहणें निराळें.

भोराजवळ वेळवंडीवर भाटघरचें धरण आहे. तें १९२७ सालीं पुरें झालें. वेळवंडखोऱ्याचा मोठा भाग त्याच्या पाण्याखालीं आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं कांबरे गांवच्या कांबरेश्वराचें देऊळ उघडें पडतें व पावसाळ्यांत पुन्हा बुडतें. भोराच्या दक्षिणेस रोहिडा ऊर्फ विचित्रगड. त्याच्या तिसऱ्या दरवाज्यावर मराठी व फारसी असे दोन लेख असून त्यांवरून मुहम्मद आदिलशहाच्या अमदानींत १६५६ सालीं तेथें काम झाल्याचें कळतें. मावळांत आदिलशाही सत्ता केवळ नांवाची होती, असें म्हणणाऱ्यांनीं हे लेख पाहून मग बोलावें.

शेवटीं कारी. येथें गड नाहीं, राजवाडा नाहीं. प्रवासी सहसा येत नाहींत. तथापि इतिहाससंशोधकास याहून पवित्र गांव मावळांत नाहीं. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरीं जपून ठेविलेली शकावली लोकमान्य टिळकांच्या हातीं आली आणि भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तांत १९१६ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या घटनांच्या त्या त्रोटक नोंदींत शिवजन्माची मिति शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे. बखरींतून रूढ झालेली १६२७ ची मिति तीमुळें डळमळली. पुढें तंजावरास मिळालेलें कवींद्र परमानंदाचें संस्कृत शिवभारत १९२७ सालीं छापून निघालें, आणि त्यानें या नोंदीस दुजोरा दिला. एका कुटुंबानें रुमालांत बांधून ठेविलेल्या कांहीं पानांनीं अशा रीतीनें साऱ्या महाराष्ट्राचें पंचांग दुरुस्त केलें.

आमचें सांगणें येथेंच येऊन ठेपतें. या खोऱ्यांतील जुन्या घरांतून अजूनही वतनाचे कागद आहेत. परंतु ते मोडींत आहेत आणि मोडी वाचणारा घरांत उरलेला नाहीं. ज्याचा अर्थ कळत नाहीं, तें ओझें वाटूं लागतें. घर पाडून नवें बांधतांना असें ओझें प्रथम बाहेर पडतें. परिषदेस येणाऱ्यांत मोडीचे जाणकार असतात. त्यांनीं भोरास किंवा वेल्ह्यास अर्धा दिवस बसावें, गांवांत आधीं निरोप द्यावा आणि जो कोणी रुमाल घेऊन येईल त्यास त्याचा कागद मोठ्यानें वाचून दाखवावा. कागद मागूं नये, नेऊं नये; मालकाची संमति असल्यास छायाचित्र घ्यावें व त्यावर गांवाचें नांव आणि तारीख लिहावी. आपल्या पूर्वजाचें नांव ज्यानें एकदां कानांनीं ऐकलें, तो तो रुमाल पुन्हा माळ्यावर फेंकणार नाहीं. परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेंत सहलीच्या वेळेपुढें या वाचनाची वेळही छापावी, ही आमची संयोजकांस विनंति आहे.