लातूर पॅटर्न

बारावीची मंडळ-परीक्षा व वैद्यकीय, अभियांत्रिकी यांसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षा यांसाठी लातूर येथे विकसित झालेली सरावप्रधान अध्यापन व चाचणीपद्धती. राजर्षी शाहू महाविद्यालय (स्थापना १९७०) व दयानंद शिक्षण संस्थेचे विज्ञान महाविद्यालय यांतून ती आकारास आली. नंतर नांदेड येथेही खाजगी शिकवणीवर्गांचे मोठे केंद्र निर्माण झाले.

मूळ पद्धत साधी होती. अभ्यासक्रम लवकर पूर्ण करावयाचा आणि उरलेले महिने पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडविण्यात घालवावयाचे. तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला परत देऊन गुण कोठे गेले हे दाखविले जाई. पद्धतीचे खरे बळ या दुरुस्तीत होते. मंडळाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे वारंवार झळकू लागल्यावर ‘पॅटर्न’ हा शब्द रूढ झाला.

प्रवेश बहुपर्यायी परीक्षेवर अवलंबून राहू लागल्यावर तिचे स्वरूप पालटले. राज्यातील वैद्यकीय प्रवेशांना २०१७ पासून ‘नीट’ ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा हाच आधार आहे. तीत १८० प्रश्नांना ७२० गुण असून बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होतो. चारांपैकी एक पर्याय डोळे मिटून निवडला, तरी सरासरीने पाव गुण हाती येतो. अंदाज पूर्णपणे निष्फळ ठरण्यास वजावट १ १/३ गुण असावी लागेल. दोन पर्याय बाद करता आले, तर उरलेल्या दोहोंतील अंदाजाचे सरासरी मूल्य दीड गुण होते. म्हणून कोणता पर्याय चकवा आहे, कोणता प्रश्न सोडावा, किती सेकंदांनी पुढे जावे, हे स्वतंत्रपणे शिकविले जाते. अशी परीक्षा विषयाच्या ज्ञानाबरोबर परीक्षेचा सरावही मोजते, आणि तो सराव विकत मिळतो.

परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव या जिल्ह्यांतूनही विद्यार्थी लातूर-नांदेडला येतात. त्यांच्यावर वसतिगृहे, खाणावळी व अभ्यासिका चालतात. चाचणीमालेतील गुणांनुसार तुकड्या पाडल्या जातात व वरच्या तुकडीला सहसा अनुभवी शिक्षक मिळतात. उणिवा शोधण्यासाठी घेतलेली चाचणी अशा रीतीने निवडीचे साधन बनते. ज्याला दुरुस्तीची गरज अधिक, त्याच्या वाट्याला ती कमी येते. यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे चौकाचौकांतील फलकांवर लागतात. प्रवेश घेतलेल्यांची एकूण संख्या मात्र तेथे क्वचितच आढळते, त्यामुळे यशाचे प्रमाण पालकास काढता येत नाही.

नांदेडला १९८८ पासून व लातूरला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही जागा मोजक्या असल्याने ७० टक्के जागा त्या त्या विभागासाठी राखण्याचे राज्याचे सूत्र मराठवाड्याला जाचक वाटे. ते सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाले. शासकीय व खाजगी महाविद्यालयांच्या शुल्कांत मोठी तफावत असल्याने शेतकरी कुटुंबापुरता प्रश्न पुष्कळदा ‘शासकीय जागा किंवा काहीच नाही’ असा असतो, आणि मग पुनर्परीक्षार्थी म्हणून आणखी एक वर्ष व एका वर्षाचे शुल्क खर्ची पडते. मे २०२४ च्या ‘नीट’ परीक्षेतील गैरप्रकारांचा तपास जूनमध्ये लातूरपर्यंत पोहोचला. नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाने सुरू केलेली तेथील चौकशी पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेली. सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०२४ रोजी संपूर्ण फेरपरीक्षेची मागणी नाकारली.