मन वळवावे, डोळे झाकू नयेत

बोलणाऱ्याचे हुलगे खपतात आणि अबोल माणसाचे गहू पडून राहतात, असे आपल्याकडे म्हणतात. व्यवहारात वाणीला मोल आहे, हे खरेच. परंतु मन वळविणे निराळे आणि फसविणे निराळे. या दोहोंमधील रेषा शोधण्यासाठी आम्हां सीमाभागातील लोकांना दूर जावे लागत नाही. बेळगाव आणि निपाणी यांचा इतिहास त्यास पुरेसा आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान थाटले आणि पुढे लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे वाट पाहावी लागली. १९१० साली कारखाना औंध संस्थानात, आजच्या किर्लोस्करवाडीस गेला. तेथून १९२० साली त्यांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. पुढे मराठी घराघरांत पोहोचलेल्या ‘किर्लोस्कर’ मासिकाचे मूळ असे कारखान्याच्या जाहिरातीत आहे. ती उघड मनधरणीच होती. पण तिचा प्रत्येक शब्द शेतात पारखून पाहता येत होता. नांगर चालला नाही, तर दोष कोणाच्या पदरी घालावयाचा, हे गिऱ्हाइकास ठाऊक होते.

निपाणीची कथा याच्या उलट आहे. येथील रानात विडीची तंबाखू पिकते. माल शेतकऱ्याचा; परंतु भाव व्यापाऱ्याने ठरवावा, प्रत त्यानेच लावावी, खोटही त्यानेच काढावी, ही उत्पादकांची जुनी तक्रार होती. रास्त भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली मार्च १९८१ मध्ये हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिल रोजी पोलिसांचा गोळीबार झाला आणि बारा शेतकरी प्राणांस मुकले. ज्या सौद्यात एकाच पक्षाला सारे दिसते, तो सौदा तोंडाने कितीही गोड केला तरी अखेर कोठे पोहोचतो, हे त्या दिवशी दिसले.

याच पानाला दुसरेही टोक आहे. सिगारेटच्या पाकिटावर धोक्याचा इशारा छापण्याची सक्ती १९७५ च्या कायद्याने झाली. विडीच्या बंडलावर चित्रासह इशारा येण्यास २००९ साल उजाडले. गरिबाला सत्य सांगण्यास एवढा विलंब लागला.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दंड सांगतो. उंबरठ्यावरील बोलण्यास मात्र असा अंकुश नसतो. सोयरीक जुळविताना मुलाचे व्यसन झाकले जाते, जमीन विकताना वाटेचा तंटा झाकला जातो. आम्हां शिक्षकांचा पेशाही यातून सुटलेला नाही. पट टिकला तर मराठी शाळा टिकते, म्हणून शाळा उघडण्याच्या सुमारास आम्ही पालकांच्या दारी जातो. समोर खासगी इंग्रजी शाळेचे रंगीत पत्रक असते. अशा वेळी मातृभाषेचा अभिमान चेतवून होकार मिळविणे सोपे. परंतु या राज्यात नोकरीसाठी कन्नड लागते, इंग्रजीही लागते. ती आम्ही कितपत शिकवू शकतो, शिक्षक किती आहेत, हे त्या माउलीस सांगितल्यावाचून केलेला आग्रह हीदेखील दिशाभूलच होय. असे सांगितल्याने काही मुले दुसरीकडे जातात, हे आम्ही पाहिले आहे. मात्र सारे ऐकून ज्यांनी मूल पाठविले, ते पालक अडचणीच्या वर्षी शाळेच्या पाठीशी उभे राहतात, हाही आमचा अनुभव आहे.

म्हणून विकणाऱ्याने, मागणाऱ्याने आणि समजावणाऱ्याने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : आपण आज जे सांगितले नाही, ते उद्या समोरच्यास कळले, तर तो पुन्हा आपल्या दारी येईल काय?