नेमबाजीचे साहित्य : आधी काय, मग काय



पॅरिस येथे २०२४ साली झालेल्या ऑलिंपिकमध्ये भारताला नेमबाजीत तीन कांस्यपदके मिळाली. मनू भाकर यांनी हवाई पिस्तुलात एक पदक स्वतंत्रपणे आणि दुसरे सरबज्योत सिंग यांच्या जोडीने मिळविले. तिसरे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी रायफलमध्ये पटकाविले. असे यश मिळाले की घराघरांतून मुले हट्ट धरतात आणि हौशी पालक लगेच चौकशीला लागतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : रायफल कोणती घ्यावी?

गाणे शिकू लागलेल्या मुलासाठी पहिल्याच आठवड्यात मिरजेहून तानपुरा मागविणारा बाप विरळा. नेमबाजीच्या बाबतीत मात्र हा विवेक पुष्कळदा सुटतो. परदेशी बनावटीच्या, स्पर्धेत वापरण्याजोग्या हवाई रायफलची किंमत दोन लाख रुपयांच्या पुढे जाते. मध्यम स्थितीतल्या कुटुंबाला ती रक्कम उभी करावयाची म्हणजे काही तरी मोडावे लागते. तेव्हा हा खर्च केव्हा करावा आणि कोणत्या क्रमाने करावा, याचा विचार शांतपणे झालेला बरा.

प्रथम खेळ काय आहे ते पाहू. हवाई रायफलची स्पर्धा दहा मीटरवरून होते. लक्ष्याच्या मध्यावर दहा गुणांचा जो ठिपका असतो त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर. म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, त्यामुळे अचूक बसलेला छर्रा तो ठिपका समूळ गिळून टाकतो. पिस्तुलाच्या लक्ष्यावर हेच दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असते, कारण पिस्तूल एका हाताने, कोणत्याही आधाराशिवाय धरावे लागते. ७५ मिनिटांत ६० छर्रे मारावयाचे. रायफलमध्ये दशांशाने गुण देतात, म्हणून सर्वोत्तम छर्ऱ्याला १०.९ गुण आणि ६० छर्ऱ्यांना जास्तीत जास्त ६५४.

आता थोडे गणित करू. रायफलवर नेम धरण्याच्या पुढल्या आणि मागल्या खुणांत सुमारे ८० सेंटिमीटरचे अंतर धरले, आणि चाप ओढताना पुढची खूण मिलिमीटरच्या केवळ दहाव्या भागाने सरकली, तर दहा मीटरवर छर्रा सव्वा मिलिमीटरने चुकतो. पिस्तुलावर हे अंतर निम्म्याहूनही कमी, म्हणून तेवढ्याच हालचालीने चूक दुपटीहूनही अधिक होते. आणि शरीर तर सतत हालत असते. श्वास चालू असतो, नाडी उडत असते. उलट, साधारण स्थितीतली क्लबची स्पर्धा-रायफल पकडीत घट्ट आवळून तिच्यातून दहा छर्रे मारले, तर ते जवळजवळ एकाच भोकातून जातात. याचा अर्थ असा की, शिकाऊ नेमबाजाच्या हाती पहिल्या दिवशी येणारे हत्यार त्याच्यापेक्षा कितीतरी पटींनी अचूक असते. त्याहून महागडे हत्यार घेऊन त्याच्या गुणांत भर पडण्याचे कारण नाही. पहिली सहा-आठ महिन्यांची मजल क्लबच्या हत्यारावरच मारावी, हे माझे मत या गणितावर आधारलेले आहे.

पैसा खर्च करण्यापूर्वी जी एक तपासणी अवश्य केली पाहिजे, ती मात्र फुकट आहे, आणि तिच्याकडेच पुष्कळांचे दुर्लक्ष होते. आपला उजवा किंवा डावा हात जसा प्रबळ असतो, तसा दोहोंपैकी एक डोळाही प्रबळ असतो. दोन्ही हात समोर लांब करून तळव्यांमध्ये रुपयाएवढी फट ठेवावी आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून समोरच्या दाराची कडी पाहावी. मग हात न हलविता आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने पाहताना कडी फटीतच राहते, तो प्रबळ डोळा. उजव्या हाताने जेवणाऱ्या, लिहिणाऱ्या मुलाचा डावा डोळा प्रबळ असणे ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हे. अशा मुलाने रायफल डाव्या खांद्याला लावून शिकावे, असे सांगणारे प्रशिक्षक आहेत. नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढे लहानशी पट्टी लावून उजव्याच खांद्यावर शिकवणारेही आहेत. निर्णय कोणताही होवो, तो खरेदीच्या आधी झाला पाहिजे. रायफलचा दस्ता, पिस्तुलाची मूठ, हातमोजा ही सारी डावी-उजवी असतात, आणि एकदा उजवे घेतले की ते डावे करता येत नाही.

रायफल की पिस्तूल, हा पुढचा प्रश्न. पिस्तुलाचा संसार आटोपशीर असतो : दीड किलोपर्यंतचे हत्यार, सपाट तळव्याचे बूट, गरज पडल्यास चष्म्याची चौकट. रायफलबरोबर कॅनव्हासचे जाड जाकीट, तशीच विजार, हातमोजा आणि खास बूट असा लवाजमा येतो. रायफलचे वजन नियमाने साडेपाच किलोपर्यंत चालते. उभ्याने नेम धरताना नेमबाज कंबरेत मागे वाकतो, कोपर नितंबाच्या हाडावर टेकवितो आणि ते सारे वजन स्नायूंऐवजी हाडांवर तोलतो. बारा वर्षांच्या कोवळ्या पाठीवर पूर्ण वजनाची रायफल तासन् तास लादणे योग्य नव्हे. लहानांसाठी हलक्या रायफली मिळतात. त्या ज्या क्लबात असतील तो क्लब आधी शोधावा.

रायफलकडे वळलेल्या मुलासाठी स्वतःची म्हणून पहिली खरेदी करावयाची ती हातमोजा आणि बूट यांची, रायफलची नव्हे. त्यानंतर जाकीट. जाकीट अंगाच्या मापाचे लागते, दुसऱ्याचे चालत नाही. परंतु वाढत्या वयाच्या मुलाला ते वर्षा-दीड वर्षात आखूड होते, हेही ध्यानी घ्यावे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे कापडाची जाडी अडीच मिलिमीटरहून अधिक असता कामा नये आणि ते ठराविक मर्यादेहून ताठही असता कामा नये. उपकरण लावून दोन्ही तपासतात. स्पर्धेनंतरच्या तपासणीत जाकीट नापास झाले तर त्या दिवशीचे सगळे गुण पाण्यात जातात. म्हणून ‘हे अगदी ताठ आहे, यात अंग हलतच नाही’ अशी स्तुती विक्रेत्याच्या तोंडून ऐकली, तर सावध व्हावे. पिस्तुलाच्या चापालाही असाच नियम आहे : तो किमान ५०० ग्रॅम वजन सहन करून मगच सुटला पाहिजे. वजन टांगून ते पाहतात.

पिस्तुलात सर्वांत मोलाची वस्तू कोणती असेल तर ती मूठ. लाकडाची मूठ कानशीने घासून आणि लांबी भरून हाताच्या प्रत्येक खळग्याला बसवावी लागते. ती नीट बसली की डोळे मिटून हात उचलला तरी दोन्ही खुणा एका रेषेत येतात. हे काम एका बैठकीत होत नाही, आणि दुसऱ्याने करून दिलेले फार दिवस पुरत नाही.

पुष्कळजण जुनी रायफल घेतात. त्यात वावगे काही नाही. उत्तम जर्मन रायफल नीट राखली तर ती वर्षानुवर्षे अचूक राहते. पण तिच्याबरोबर येणारी हवेची नळकांडी पाहून घ्यावीत. त्यांत सुमारे २०० बार किंवा त्याहूनही अधिक दाबाने हवा कोंडलेली असते, आणि प्रत्येक नळकांड्यावर त्याची तारीख कोरलेली असते. निर्मात्याने दिलेली मुदत, बहुधा दहा वर्षांची, उलटली की स्पर्धेत ते चालत नाही. अपघाताचा धोका तर वेगळाच. स्वस्तात मिळालेल्या रायफलची दोन्ही नळकांडी बाद निघाली, तर तो व्यवहार स्वस्त राहत नाही. या नळकांड्यांत केवळ कोरडी, स्वच्छ हवा भरावयाची असते. ऑक्सिजन कधीही भरू नये; त्यातून स्फोट होऊ शकतो.

छर्ऱ्यांविषयी थोडेच सांगतो. एकाच कारखान्याच्या छर्ऱ्यांतही ४.४९, ४.५० असे बारीक फरक असतात, आणि प्रत्येक नळीला एखादी खेप अधिक मानवते. वरच्या दर्जाचे खेळाडू नळी पकडीत बसवून निरनिराळ्या खेपा पारखून घेतात. नवशिक्याने या फंदात पडू नये.

मग साहित्याला महत्त्वच नाही काय? तसे मुळीच नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ च्या जुलैत, मनू भाकर यांच्या पिस्तुलात ऐन प्राथमिक फेरीत बिघाड झाला. ते दुरुस्त करून परत येईपर्यंत मोलाची मिनिटे गेली. उरलेले छर्रे घाईने मारावे लागले. त्यांचे ५७५ गुण झाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. याच्या उलट चित्र पॅरिसमध्ये जगाने पाहिले. तुर्कस्तानचे ५१ वर्षांचे युसूफ दिकेच नेहमीचा चष्मा लावून, एक हात खिशात घालून उभे राहिले आणि मिश्र जोडीत रौप्यपदक घेऊन गेले. त्यांचे छायाचित्र पाहून ‘साहित्य हवे कशाला?’ असे म्हणणारे एक गोष्ट विसरले : त्यांच्या हातातले पिस्तूल उत्तम स्पर्धा-पिस्तूलच होते, आणि ते त्यांचे पाचवे ऑलिंपिक होते. आपल्या हत्याराचा प्रत्येक खिळा ओळखीचा असणे, ही खरी कमाई. आणि ती बाजारात मिळत नाही.

ती मिळविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे छर्रा न घालता केलेला सराव. कोऱ्या भिंतीसमोर उभे राहावे, नेम धरावा, चाप ओढावा आणि त्या क्षणी पुढची खूण कोणत्या बाजूला उडाली ते पाहावे. भिंतीवर लक्ष्य नसल्यामुळे गुणांचा मोह नसतो, आणि डोळा फक्त स्वतःची चूक पाहतो. रोज वीस मिनिटे असे केले तर छर्ऱ्यांच्या डब्यांची बचत होते. क्लबात छर्रे मारतानाही पडद्याकडे पाहण्याआधी ‘हा खाली उजवीकडे गेला’ असे मनाशी म्हणावे व मगच पाहावे. हे भाकीत दहांपैकी सात-आठ वेळा खरे ठरू लागले, म्हणजे स्वतःचे हत्यार घेण्याची वेळ आली असे मी समजतो. सरावाची वही ठेवावी. तीत गुणांपेक्षा झोप, जेवण, नाडी आणि मनःस्थिती यांची नोंद अधिक उपयोगी पडते.

तरीही सराव आणि स्पर्धा यांत मोठे अंतर राहतेच. सरावात वाईट छर्रा गेला तर विसरता येतो. स्पर्धेत तो शेवटपर्यंत बेरजेत बसून राहतो. म्हणून तयारी पूर्ण होण्याची वाट न पाहता जिल्ह्याच्या, राज्याच्या स्पर्धांत उतरावे. राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर लागणाऱ्या एका स्पर्धेला गणेश वासुदेव मावळंकर यांचे नाव आहे. १९५१ साली स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष. लोकसभेचे पहिले सभापती म्हणून सर्वजण त्यांना ओळखतात. पण वडोदऱ्यात जन्मलेल्या या मराठी माणसाचे नाव आज देशभरातल्या शिकाऊ नेमबाजांच्या तोंडी आहे, हे वडोदेकरांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल.

ज्यांना क्लबचे शुल्कही जड वाटते, त्यांच्यासाठी राष्ट्रीय छात्रसेनेचे दार आहे. २००२ साली म्युनिचला ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ ठरलेल्या अंजली भागवत यांनी पहिली रायफल महाविद्यालयातल्या छात्रसेनेतच हाती घेतली होती.

शेवटी कायदा आणि काळजी. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलपेक्षा अधिक शक्ती नसलेल्या हवाई बंदुकीस २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही; .२२ च्या हत्याराला लागतो. पण परवाना लागत नाही म्हणून ते खेळणे होत नाही. गच्चीवर किंवा परसात पाखरांवर नेम धरणाऱ्या मुलाचे हत्यार त्याच दिवशी काढून घ्यावे. नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडे किंवा जमिनीकडे ठेवावे, नळीत रंगीत दोरी घालून ती रिकामी असल्याचे सर्वांना दिसू द्यावे, आणि घरी सराव करताना छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत कुलपात असावा. छर्रे शिशाचे असतात. म्हणून सराव संपल्यावर जेवणाचा डबा उघडण्याआधी साबणाने हात धुवावेत, आणि छर्रे ओठांत धरण्याची सवय मुलांना मुळीच लागू देऊ नये.