नॉइटालच्या गिरणीतला सांधा

बाउमाहून निघालेली वाफेची गाडी धापा टाकत चढते आणि नॉइटालला थांबते. उन्हाळ्यातल्या काही रविवारीच ती धावते. खाली दरीत खिडक्याच खिडक्या असलेली जुनी इमारत दिसते. ही गुयर घराण्याची 1827 सालची सूतगिरणी, आता संग्रहालय. माझी आजी लालबागच्या गिरणीत थ्रॉसल, म्हणजे सूतकताईच्या, खात्यात होती, म्हणून झ्युरिकला आल्यावर मी तलाव सोडून आधी इथे आले.

आत जुनी यंत्रं चालवून दाखवतात. कार्डिंगमधून कापूस कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ पडदा होऊन उतरतो आणि गोळा होऊन त्याचा पेळू बनतो. तो ओढत, बारीक करत, पीळ देत शेवटी चातीवर सूत चढतं. यंत्र चालवणाऱ्या आजोबांनी मुद्दाम एक धागा तोडला. मग फिरती चाती हातानं थोपवली, बॉबिनवरचं टोक शोधलं, ते चातीभोवतीच्या रिंगवरच्या इवल्याशा कडीखालून घेतलं आणि वरच्या रुळाशी नेऊन टेकवलं. चाती सोडताच पीळ चढला, धागा सांधला गेला. आजी हवेत बोटं फिरवून आम्हाला नेमकं हेच दाखवायची. तेव्हा तो आम्हाला खेळ वाटे. दिवसभर हेच करायचं म्हणजे काय, ते त्या आवाजात उभं राहिल्यावर कळलं. असं काम मुलांकडूनही करून घेत: स्वित्झर्लंडमध्ये 14 वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात मज्जाव झाला तो 1877 च्या कायद्यानं, आणि त्या कायद्यातही कामाचा दिवस 11 तासांचा होता.

ही गिरणी पुढे अडॉल्फ गुयर-झेलरकडे आली. जन्म इथलाच, 1839 चा. ओढ्याचं पाणी साठवून त्यावर यंत्रं चालवणाऱ्या घरातला हा माणूस झ्युरिक कँटनच्या विधिमंडळातही बसला आणि रेल्वेच्या कारभारातही शिरला. भोवतालच्या डोंगरांत त्यानं पाडलेल्या पायवाटा आजही त्याच्या नावानं ओळखल्या जातात. 27 ऑगस्ट 1893 ला म्युरेनजवळच्या डोंगरात मुलीबरोबर फिरताना त्याला युंगफ्राउ शिखराकडे जाणारी रेल्वे सुचली, आणि त्याच रात्री त्यानं तिचा मार्ग कागदावर काढला. आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून जाणारा!

आपल्याकडून स्वित्झर्लंडला येणारी बहुतेक माणसं 3454 मीटर उंचीवरच्या, त्या रेल्वेच्या युंगफ्राउयोख स्टेशनावर जाऊन येतात, बर्फात फोटो काढतात. त्यांनी एक दिवस इथेही यावं, असं मला मनापासून वाटतं. ती रेल्वे ज्याच्या डोक्यातून निघाली, तो या खोऱ्यातल्या कापसाच्या धंद्यात वाढला होता.

गुयर-झेलर 1899 मध्ये गेला. त्यानं लावून धरलेली, त्याच्या गिरणीजवळून जाणारी ही रेल्वे 1901 मध्ये सुरू झाली. युंगफ्राउयोखला गाडी पोचली 1912 मध्ये.

निघताना त्या आजोबांकडून मी सांधलेल्या धाग्याचा हातभर तुकडा मागून घेतला. परतीच्या गाडीत चिमटीत धरून पुन्हा पुन्हा ओढून पाहिला. सांधा कुठे आहे, ते बोटांना लागलं नाही.